बटणवाल्या काकूंची खरेदी

कुठलाही डबा उघडण्याआधी त्या तो एकदा हलवून बघत. आत काय आहे ते ठाऊक असलं तरी.

घरी कुणी आलं की दिवा लावत आणि माणूस गेल्यावर तो घालवायला विसरत. काकूंकडे आज कुणीतरी येऊन गेलं, हे समोरच्या इमारतीलाही त्यामुळे कळे.

जिना उतरताना गुणगुणत. गाण्याची हौस म्हणून नव्हे, खालून येणाऱ्याने बाजूला व्हावं म्हणून. सूर बरा लागला तर मात्र रस्त्यावर पोचल्यावरही थांबत नसत.

बोलता बोलता समोरच्याच्या बाहीचं बटण चाचपत. ते ढिलं निघालं की विषय तिथेच अर्धवट राही आणि सुई-दोरा बाहेर येई.

चहात साखर कमी पडली तर स्वतःला दोष देत. जास्त पडली तर चमच्याला.

‘बघू’, ‘बघते’, ‘बघितलंस का’ हे शब्द सढळपणे वापरत. ऐकणारा चपापला की त्यांना कोण आनंद होई.

काकूंना दिसत नव्हतं. तरुणपणी दिसत होतं. एका शर्टांच्या कारखान्यात त्या मशीनवर बसत. मग काचबिंदू झाला. तो इतक्या सावकाश आला की खोलीतले दिवे मिणमिणते झालेत असंच त्यांना बराच काळ वाटत राहिलं. पन्नाशीच्या अलीकडे नजर पुरती गेली. मशीन सुटलं, सुई राहिली. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे घरी येऊ लागले आणि काकू खिडकीपाशी बसून बटणं लावू लागल्या. खिडकीचा त्यांना उपयोग नव्हता. पण काम खिडकीपाशी करायचं असतं, ही सवय डोळ्यांबरोबर गेली नाही.

नवरा त्याआधीच गेला होता. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या दारात नणंद राहायची. काकू तिला वन्सं म्हणत. इमारतीतही तिचं तेच नाव पडलं होतं, पोस्टमनसुद्धा वन्सं म्हणूनच हाक मारी.

काकूंचं स्वयंपाकघर बघण्यासारखं होतं. प्रत्येक डब्याच्या गळ्यात कापडाची एक पट्टी आणि पट्टीवर बटण. मिठाला कोटाचं मोठं, चार भोकांचं. साखरेला मोत्याचं, कारण साखर लाडाची. तांदळाला लाकडी. कॉफीला पितळी, मागे कडी असलेलं. भांडी घासायच्या साबणाच्या बाटलीला अर्धं तुटलेलं बटण होतं. त्याची कड बोटाला टोचायची. ही वस्तू खायची नाही, हे हाताने आधी सांगावं म्हणून.

अडचण एकच होती. वस्तू घरात आली की बटण मिळून बोलकी व्हायची. दुकानात ती मुकीच असायची.

पूर्वी याचा काही त्रास नव्हता. कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे एक लांब लाकडी काउंटर आणि त्यामागे म्हातारे दुकानदार. काकू काउंटरला हात टेकून उभ्या राहत आणि हवं ते सांगत. म्हातारे एकेक वस्तू हातात देत. “नवा साबण आलाय, वास घ्या,” म्हणत. काकू वास घेत. “हा तुमच्या लग्नातला दिसतो,” म्हणत. म्हातारे हसत आणि दुसरा काढत. या सगळ्यात नजरेचं काम कुणालाच पडत नसे.

पुढे म्हातारे घरी बसले आणि मुलाने दुकान हातात घेतलं. मुलगा उमदा होता. त्याने काउंटर काढला. रॅक आणले, टोपल्या आणल्या, दिवे लावले. दारावर लिहिलं, ‘आपल्या हाताने घ्या’. गिऱ्हाइकं खूश झाली. काकू हातात टोपली घेऊन मध्येच उभ्या राहिल्या. आपल्या हाताने घ्यायचं होतं, पण हाताला सगळी पाकिटं सारखीच लागत होती. एका नोकराला विचारलं, तांदूळ कुठे आहेत. तो म्हणाला, “त्या तिकडे, निळ्या पाटीखाली.” काकूंनी त्याचे आभार मानले आणि टोपली परत ठेवून घरी आल्या.

तेव्हापासून सामान वन्सं आणू लागल्या. वन्सं मनाने चांगल्या होत्या. पण त्यांना दुसऱ्याचं मत ऐकायची सवय नव्हती.

“वासाचा साबण सांगितला होता, वन्सं.”

“तुला काय करायचाय वासाचा? हा जास्त दिवस टिकतो.”

“मी रोज वापरणार तो. टिकवून कुणाला दाखवायचाय?”

“तोंड फार चालतं तुझं, वहिनी. ठेव तो साबण.”

साबण ठेवला जाई. कॉफीही वन्संच्या पसंतीची येई, बिस्किटंही. काकू कुरकुर करत आणि खात. असं बरंच चाललं. कदाचित पुढेही चाललं असतं.

पण वन्संच्या गुडघ्याने मान टाकली. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. तारीख ठरली, पुढच्या आठवड्यातली. वन्संचा मुलगा, म्हणजे काकूंचा भाचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. त्याने फोनवरच सगळं ठरवून टाकलं. आई इस्पितळातून थेट त्याच्याकडे जाईल आणि मामीही तिकडेच येतील. खोलीला कुलूप.

काकू मागे एकदा भाच्याकडे राहून आल्या होत्या. तिथे कुणी वावगं बोललं नव्हतं. उलट फार जपलं होतं. “मामी, तुम्ही बसा.” “मामी, उठू नका.” “मामी, पाणी हवंय? आणलं.” सोफा मऊ होता. त्यात बसलं की उठायची इच्छाच मरे. काकूंना सगळं मिळत होतं, घ्यायला मात्र काहीच लागत नव्हतं. परत आल्यावर त्या स्वतःच्या खोलीत उगाच फेऱ्या मारत राहिल्या. आणि शर्टांचे गठ्ठे काही शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचणार नव्हते. तिकडे गेल्या की काम दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार. एकदा गेलेलं काम परत येत नाही, हे त्यांनी कारखान्यात पुष्कळ बघितलं होतं.

“मी नाही जाणार,” काकू म्हणाल्या.

“मग तुला मीठ-पीठ कोण आणून देणार?” वन्संनी विचारलं.

“मीच आणीन.”

वन्सं हसल्या. हसण्यात कुचकेपणा नव्हता, पण हसल्या. मग म्हणाल्या, “ऐक. रविवारी तो गाडी घेऊन येईल. तेव्हा आमच्या देखत तुझं तू सामान आणून दाखव. आणलंस तर खुशाल राहा. नाहीतर मुकाट्याने गाडीत बस. मला तिथे पडल्या पडल्या तुझा घोर नको.”

“तुमचा शब्द?”

“माझा शब्द.”

दुसऱ्याच दिवशी काकू दुकानात गेल्या. धाकटा दुकानदार गल्ल्यावर होता. काकूंनी आडपडदा ठेवला नाही.

“तुझ्या वडलांच्या वेळी मी इथे एकटी यायचे. तुझं दुकान झालं आणि मला बरोबर माणूस लागायला लागलं. याचं काहीतरी कर.”

धाकट्याला हे कधी सुचलंच नव्हतं. तो ओशाळला. “काकू, दोन-तीन दिवस द्या मला,” म्हणाला. “बघाच तुम्ही.”

“बघते,” काकू म्हणाल्या. तो चपापला. काकू समाधानाने घरी आल्या.

त्याने खरोखर कंबर कसली. कुठल्याशा संस्थेत गेला, चौकशा केल्या, ओळखी काढल्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर ब्रेलमधली लेबलं करून आणली. नोकरांना घेऊन रॅकच्या कडेकडेने ती सगळी चिकटवली. तांदळाखाली तांदूळ, कॉफीखाली कॉफी. त्याने बऱ्याच जणांचा सल्ला घेतला होता, फक्त काकूंना विचारायचं राहून गेलं.

काकू गेल्या तेव्हा त्याने त्यांचा हात धरून पहिल्या रॅकपाशी नेलं. “आता कुणाला काही विचारायला नको, काकू. वाचा आणि घ्या.”

काकूंचं बोट पट्टीवर टेकलं. काहीतरी खरबरीत लागलं. थोडी पुरळ उठावी तसं.

काकूंना ब्रेल येत नव्हतं. ज्याची नजर लहानपणी जाते तो शाळेत ते शिकतो. काकूंची नजर गेली तेव्हा त्या कारखान्यात सगळ्यांत जलद कॉलर लावणाऱ्या बाई होत्या. त्यांना कुणी शाळेत घातलं नव्हतं. आणि शिकवलं असतं तरी पंचाईतच होती. इतकी वर्षं सुई धरून बोटांची टोकं टणक झाली होती. सुईचं टोक रुततं की नाही याचाही त्यांना कधी कधी अंदाज येत नसे. बटणाची भोकं कळत, शिवण कळे. हे बारीक ठिपके म्हणजे त्यांच्या लेखी भिंतीचा गिलावा.

पण दुकान थांबलं होतं. गिऱ्हाइकं टोपल्या घेऊन बघत उभी होती. धाकट्याच्या आवाजात असा आनंद होता की तो मोडायचा धीर काकूंना झाला नाही. त्यांनी बोट पट्टीवरून सावकाश फिरवलं आणि मान डोलावली.

“जमतंय ना, काकू?”

“हो की. स्पष्ट आहे अगदी.”

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आता माघार घेणं शक्य नव्हतं. काकू रॅकच्या कडेने चालत राहिल्या, पट्ट्यांवर बोट टेकवत राहिल्या आणि अंदाजाने वस्तू उचलत राहिल्या. हलवून, वजन करून, नाकाशी धरून. सगळं बंद, सीलबंद. खुळखुळलं ते कॉफी. हिंदकळलं ते तेल. कागद चुरचुरला तो बिस्किटांचा पुडा. धाकट्याने पिशवी भरून दिली. त्याला त्या दिवशी कुणाच्या टोपलीत काय आहे हे बघायचं भानच नव्हतं.

घरी आल्यावर काकूंनी बिस्किटाचा पुडा फोडला आणि एक खाऊन बघितलं. बरं लागलं. गोडी कमी होती, पण वन्संच्या बिस्किटांपेक्षा उजवं.

दुपारी गठ्ठेवाला आला. कारखान्यातून शर्ट आणायचे आणि तयार झालेले घेऊन जायचे, हे त्याचं काम. तोंडाळ माणूस, पण काकूंवर त्याचा जीव होता. काकूंनी दिवा लावला, चहा ठेवला आणि बशीत बिस्किटं दिली.

“काकू, बिस्किट जरा निबर आहे.”

“तुझे दात ढिले झालेत.”

तो खात राहिला. मग त्याने पुडा हातात घेतला. कागदाचा आवाज झाला आणि नंतर कसलाच आवाज झाला नाही.

“काकू, यावर कुत्र्याचं चित्र आहे.”

“असेल. हल्ली काहीही छापतात.”

“खाली लिहिलंय, रोज खाल्ल्याने केस चमकदार होतात.”

“मग आणखी दोन खा. गळतायत ना तुझे?”

गठ्ठेवाल्याने पुडा खाली ठेवला. काकूंना हसू फुटलं. मग त्यालाही फुटलं. दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता त्याने बाकीची पिशवी ओट्यावर रिकामी केली. तेल म्हणून आणलेलं फरशी पुसायचं औषध निघालं. कॉफी म्हणजे कुंडीतल्या झाडांचं खत होतं. साबण तेवढा साबण होता, वासाचा. तो काकूंनी नाकाने निवडला होता.

“हे काय हो? तिथे तर तुमच्यासाठी लेबलं लावलीत म्हणे. सगळा रस्ता बोलतोय.”

“मला येत नाहीत ती वाचायला,” काकू म्हणाल्या.

गठ्ठेवाल्याने बशी खाली ठेवली. काकूंचंही हसू ओसरलं. रविवारी वन्सं आणि भाचा येणार. ओट्यावर खत आणि कुत्र्याची बिस्किटं. मग गाडी आणि तो मऊ सोफा.

“असं करू,” गठ्ठेवाला म्हणाला. “रविवारी सकाळी मी गुपचूप आणून देतो सगळं. वन्संना काय कळतंय?”

“त्यांच्या देखत आणायचंय. आणि तसं नसतं तरी नको.” काकूंनी बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा केला. “तू आणलंस काय नि वन्संनी आणलं काय. मी घेतलेलं ते नव्हे.”

“मग त्या पोराला सांगा सरळ, येत नाही म्हणून.”

“त्याने इतका खटाटोप केलाय. आणि मी त्याच्या तोंडावर ‘स्पष्ट आहे’ म्हणून आलेय.”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं स्पष्ट म्हणायला?”

“कुणीतरी टाळ्या वाजवल्या रे.”

दोन दिवस काकूंनी सुई उचलून परत ठेवली. शनिवारी मात्र जिना उतरल्या. त्या दिवशी गुणगुणल्या नाहीत, आणि मधल्या वळणावर खालून येणाऱ्या, वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंवर धडकल्या.

दुकानात शिरताच त्यांना मोठा, भरदार हसण्याचा आवाज आला. एक गृहस्थ रॅकपाशी उभे होते. हातात पांढरी काठी. लांबच्या गल्लीत गाणं शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. ब्रेलची लेबलं लागल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. जन्मात पहिल्यांदा दुकान वाचायला मिळतंय म्हणून ते बस करून आले होते.

“इथे लिहिलंय दूध पावडर,” मास्तर सांगत होते. “हाताला लागतायत मेणबत्त्या. आता मी सकाळी काय घ्यायचं, पेलाभर मेण?”

धाकटा खजील झाला होता. “काल माल आला. मुलांनी जागा बदलल्या. लेबलं तिथेच राहिली.”

“पलीकडे मीठ लिहिलंय आणि पायमोजे आहेत. तरी बरं, पायमोजे खारट लागतात.”

तेवढ्यात धाकट्याची नजर दाराकडे गेली. “काकू, तुम्ही तरी सांगायचं की काही चुकलं तर. तुम्ही त्या दिवशी सगळं नीट वाचून घेतलंत.”

काकूंनी विचारलं, “त्या दिवशीही माल हललेला होता का रे?”

“नाही. तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.”

तेवढी सबब होती, तीही गेली. काकूंनी पिशवी दोन्ही हातांनी धरली.

“मला ब्रेल येत नाही,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी मी नुसतं बोट फिरवलं. तुझी कुत्र्याची बिस्किटं घरी घेऊन गेले. त्यातलं एक मी खाल्लं. गठ्ठेवाल्याने तीन.”

गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या बाई दुसरीकडे बघू लागल्या. हे काकूंना दिसलं नाही, पण कळलं.

हसले ते मास्तर. “बाई, मग त्या दिवशी वाचत काय होता?”

“अब्रू,” काकू म्हणाल्या.

“मी लग्नाला गेलो की लोक विचारतात, नवरी कशी वाटली. मी म्हणतो, शोभून दिसते. आजवर एकाही नवरीने तक्रार केलेली नाही.”

यावर धाकटाही हसला. पण त्याचं हसू लवकर विझलं. तो एका खोक्यावर बसला. “म्हणजे फुकट गेलं सगळं.”

“फुकट कसं?” मास्तर म्हणाले. “मी आहे की. फक्त दूध तिथे दूध ठेव.”

“आणि काकूंचं काय?”

तेव्हा कुठे त्याने तो प्रश्न काकूंकडे तोंड करून विचारला. “काकू, तुमच्या हाताला काय कळतं?”

काकूंनी त्याच्या मनगटाकडे हात नेला. बाही चाचपली. “हे बटण दुसऱ्या कुणीतरी लावलंय. मूळचं नाही. चार भोकांचं आहे, पण बाकीच्यांहून पातळ.” मग त्या थांबल्या. पुढचं त्यांना बोलता बोलताच सुचलं. “अरे, बटणं लाव ना तुझ्या रॅकना.”

दुपारभर दुकानात वेगळंच काम चाललं. एका बाजूला छोटं टेबल मांडलं. गठ्ठेवाला कारखान्यातून बटणांची पिशवी आणि कापडी पट्टीचं रीळ घेऊन आला. मालकाला काय सांगून आणलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही. धाकटा रॅकपाशी उभा राहून वस्तू सांगे, काकू बटण निवडत आणि पट्टीवर टाके घालत. तयार पट्टी तो ब्रेलच्या लेबलाखाली चिकटवे. तांदळाला लाकडी, कॉफीला पितळी, घरी होतं तसंच. घरात नसलेल्या वस्तूंसाठी नवीन ठरवायला लागलं. त्यावर मास्तरांनी फार वाद घातला. ते गेलेच नव्हते. खुर्ची मागून घेऊन बसले होते.

“हे काय? काचेची दोन?”

“साबण.”

“साबणाला काच का?”

“हातातून निसटतो म्हणून.”

“आणि हे फाटकं काय लागलं?”

“तुटकं आहे ते. जिथे तुटकं बटण असेल तिथलं खायचं नाही.”

मास्तरांनी ते तुटकं बटण पुन्हा एकदा चाचपलं. “हे मात्र ब्रेलमध्येही नव्हतं,” ते म्हणाले. “आमचं वाचेपर्यंत माणूस पिऊन मोकळा होईल.”

“तुम्हीही शिका मग बटणं.”

“शिकतो. तुम्ही ब्रेल शिका.”

“माझी बोटं बघा आधी.” काकूंनी हात पुढे केला. मास्तरांनी त्यांच्या बोटाच्या टोकावर अंगठा टेकवला. “ही बोटं नव्हेत,” ते म्हणाले, “शिंपी बोटात घालतात ती अंगुस्तानं आहेत.”

धाकट्याने नोकरांना बोलावून बजावलं. माल हलला तर पट्टी हलेल, लेबलही हलेल. जो विसरेल त्याला संध्याकाळच्या चहाबरोबर काकूंकडच्या पुड्यातलं उरलेलं बिस्किट.

अंधार पडायच्या आत तांदूळ, मीठ, पीठ, तेल, कॉफी, बिस्किटं, साबण एवढं झालं. मसाले आणि औषधांचा रॅक राहिला. काकूंचे खांदे भरून आले होते. “उद्यापुरतं झालं,” त्या म्हणाल्या.

रविवारी भाचा गाडी घेऊन आला. सगळी मिळून दुकानात गेली. वन्सं काठी टेकत, भाचा त्यांना धरून, काकू पुढे. वन्संचा गुडघा पावलागणिक कटकट वाजत होता. त्यामुळे त्या कुठे आहेत हे काकूंना न विचारता कळत होतं.

“कॉफी,” वन्सं म्हणाल्या. परीक्षा सुरू झाली होती.

काकूंनी टोपली घेतली. रॅकच्या कडेवर बोट ठेवलं आणि चालू लागल्या. लाकडी गेलं, कोटाचं गेलं. पितळीपाशी त्या थांबल्या. डबा उचलला आणि हलवून बघितला.

“तेल.”

तेल आलं.

“बिस्किटं. माणसांची.” गठ्ठेवाल्याचं तोंड कुठेतरी सैल सुटलं होतं, हे काकूंनी ओळखलं.

बिस्किटं आली. काकू रंगात आल्या होत्या. न सांगता त्यांनी साबण घेतला, दोन्ही जातींचा वास घेऊन त्यातला एक. पीठ घेतलं. भाचा मागे मागे चालत होता. एकदा त्याचा हात पुढे आल्याचं काकूंना जाणवलं, टोपली धरायला. तो हात मध्येच मागे गेला.

“मिरी,” वन्सं म्हणाल्या.

काकूंचं बोट रॅकच्या कडेवरून गेलं. तिथे बटणं नव्हती. कड मोकळी होती. त्या पुढे गेल्या, परत मागे आल्या. वन्संच्या गुडघ्याचा आवाज थांबला.

काकूंनी मान वर केली आणि दुकानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, “मिरी कुठे आहे रे?”

“तुमच्या उजव्या हाताला, काकू, खांद्याएवढ्या उंचीवर,” एक नोकर म्हणाला. निळी पाटी म्हणणारा तोच होता.

काकूंनी मिरी घेतली.

“विचारलंस की,” वन्सं म्हणाल्या.

“विचारलं. तुम्ही नाही विचारत? तुम्ही तर विचारता, घेता, घरी नेता आणि दुसऱ्या दिवशी बदलून आणता.”

भाचा हसला. आईने बघितल्यावर त्याने हसणं आवरलं, पण पुरतं आवरलं नाही. “आई, हे मात्र खरं आहे,” म्हणाला.

वन्संनी टोपली जवळ ओढली. एकेक वस्तू काढून वाचली, परत ठेवली. साबण त्यांनी नाकाशी धरला.

“हा लवकर संपतो,” त्या म्हणाल्या.

“संपू दे. परत आणीन.”

वन्संनी साबण टोपलीत टाकला. मग मुलाला म्हणाल्या, “गाडीत माझी एकटीचीच पिशवी ठेव.” आणि काकूंना म्हणाल्या, “आता मख्खासारखी उभी राहू नकोस. माझ्यासाठी पण घे एक असला. इस्पितळात वास मारतो म्हणतात.”

काकूंनी दोन काचेची बटणं शोधली.

वन्संचं ऑपरेशन नीट पार पडलं. काकू आपल्या खोलीत राहिल्या. गठ्ठे येत राहिले. मास्तर शनिवारी बस करून दुकानात यायचे, दूध पावडर जागेवर आहे का ते तपासायचे आणि मग टेबलापाशी काकूंशी वाद घालत बसायचे. काकूंनी राहिलेला रॅक हाती घेतला. मसाल्यांच्या बरण्या सगळ्या एका आकाराच्या, जाती अनेक, म्हणून बटणं विचार करून निवडावी लागत. एका सकाळी त्या दुकानातल्या टेबलाशी बसून ती पट्टी शिवत होत्या. मिरीला बारीक काळं लावून झालं होतं. दालचिनीसाठी लांबट घेतलं होतं.

तेवढ्यात धाकट्याच्या फोनवर वन्संचा फोन आला. भाच्याच्या घरून. काकूंना द्या म्हणाल्या. इथे सगळी फार जपतात, त्या म्हणाल्या. कुणी खुर्चीतून उठू देत नाही. बिस्किटंसुद्धा विचारून आणत नाहीत. वहिनी, तू येऊन जा ना जरा.

“काय आणू?” काकूंनी विचारलं.

वन्संनी बरंच काही सांगितलं. काकूंनी टोपली घेतली, रॅकच्या कडेने गेल्या, एकेक वस्तू उचलली. धाकटा म्हणाला, “रिक्षा बोलावू का?” काकू म्हणाल्या, “बसचा थांबा समोर आहे ना अजून?” पिशवी भरली, टेबलाला टेकवलेली आपली काठी घेतली. दारातून बाहेर पडताना त्या गुणगुणत होत्या.

संध्याकाळी त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कळवलं, वन्संकडे चार दिवस राहते आहे, खुर्चीतून उठवायचं काम आहे. परत आल्यावर पलीकडच्या औषधांच्या दुकानदाराने त्यांना गाठलं. त्यालाही बटणं हवी होती, तुटकी जास्त. मग मास्तरांच्या गल्लीतल्या दुकानाने बोलावलं.

मसाल्यांची पट्टी टेबलाच्या खणात आहे. मिरीपर्यंत शिवलेली. दालचिनीचं लांबट बटण एका टाक्यावर लोंबकळतं आहे आणि सुई दोऱ्यासकट पट्टीत टोचून ठेवलेली आहे. पुढची पट्टी कोरी आहे. त्या रॅकपाशी काकू अजून मोठ्याने विचारतात.